फुलदाणी इटलीची, फिरोजाबादची की साहेबाची?

प्रश्न : नमस्कार. आमचं घर अंबाजोगाईचं. जुन्या वाड्याचं माळवद यंदा उतरवायला काढलं. दिवाणखान्यातलं फडताळ रिकामं करताना एक काचेची फुलदाणी हाती लागली. उंची वीतभर, काच चांगली बोटभर जाड. आत लालभडक रंग, त्यावर पिवळा आणि सगळ्यात बाहेर स्वच्छ पारदर्शक काच. शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर 1180 ग्रॅम भरली. नाव नाही, शिक्का नाही. तळ आरशासारखा सपाट घासलेला आहे आणि अंगावर एका जागी काहीतरी चिकटवल्याचा फिकट डाग आहे.

सासूबाई सांगतात, मोमिनाबादची छावणी उठली तेव्हा गोऱ्या साहेबानं जाताना पणजोबांना दिलेली ही वस्तू. पुतण्यानं फोटो मोबाईलवर टाकून शोधलं तर 'मुरानो, इटली' असं आलं आणि पुढचे आकडे बघून घरात सगळ्यांचे डोळेच पांढरे झाले. संभाजीनगरचे एक जुन्या वस्तूवाले येऊन गेले. त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं, "फिरोजाबादचा माल आहे ताई, चार हजार देतो." नणंदेचं म्हणणं, विकणार असाल तर निम्मे पैसे माझे. मला आधी एवढंच सांगा, ही आहे कुठली?

फोटो पाठवले आहेत. बाजूला नारिंगी माशाच्या आकाराची एक जुनी फुलदाणी दिसेल, तिच्याकडं लक्ष देऊ नका. मुलं तिच्यात दात घासायचे ब्रश ठेवतात.

— एक वाचक भगिनी, अंबाजोगाई

उत्तर :

ताई, नमस्कार.

लक्ष देऊ नका म्हणालात आणि माझं लक्ष नेमकं त्या माशावरच गेलं. हे वाचून झालं की आधी ते ब्रश बाहेर काढा. कारण पुढं सांगतो.

आधी तुमची फुलदाणी. सासूबाईंनी साहेबाचं नाव घेतलं, पुतण्यानं इटलीचं, व्यापाऱ्यानं उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादचं. पण यातल्या कुणी ती उलटी करून तळ पाहिल्याचं तुमच्या पत्रात कुठंच नाही. तळ पाहिलात तो तुम्हीच. त्यामुळं या घरात सध्या तुमचंच मत सगळ्यात वजनदार आहे, असं खुशाल समजा.

साहेबाची गोष्ट सहज उडवून लावण्यासारखी नाही. अंबाजोगाईला निजामाच्या अमलात मोमिनाबाद म्हणत आणि तिथं हैदराबाद कंटिन्जंटच्या (म्हणजे निजामाच्या खर्चानं, पण गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणाऱ्या फौजेच्या) घोडदळाची छावणी होती, हा इतिहास आहे. हे कंटिन्जंट 1903 साली ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झालं आणि त्याचं वेगळं अस्तित्व संपलं. म्हणजे छावणीतला साहेब खरा, पणजोबांशी त्याची ओळखही असेल. अडचण फुलदाणीची आहे. लाल, त्यावर पिवळा, त्यावर जाड पारदर्शक थर, असे एकमेकांत गुंतलेले रंग ज्या पद्धतीनं करतात तिला मुरानोचे, म्हणजे व्हेनिसजवळच्या काचेसाठी प्रसिद्ध बेटावरचे, कारागीर सोमेर्सो म्हणतात. फुंकनळीच्या टोकावर एका रंगाच्या वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा, तो दुसऱ्या रंगाच्या भांड्यात बुडवायचा, मग बिनरंगी काचेत. प्रत्येक थर निवताना सारख्याच प्रमाणात आकसला पाहिजे, नाही तर भट्टीबाहेर येऊन थंड होताना तडकतो. हे तंत्र मुरानोत नावारूपाला आलं ते 1930 च्या दशकात आणि सेगुसो कारखान्यासाठी फ्लाव्हिओ पोली या रचनाकारानं ते जगभर गाजवलं ते प्रामुख्यानं दुसऱ्या महायुद्धानंतर. तोवर तुमचा साहेब मायदेशी पेन्शन खात असेल, नाही तर त्याच्याही पलीकडं गेला असेल.

म्हणून सासूबाईंना खोटं पाडू नका. घरातल्या गोष्टी वस्तूवरून वस्तूवर उड्या मारतात. साहेबानं काहीतरी दिलं असेल, ते फुटलं असेल किंवा वाटणीत गेलं असेल, आणि गोष्ट उरली ती फडताळातल्या सगळ्यात देखण्या वस्तूला चिकटली. घरात कुठं लाल, पातळ काचेचा पेला किंवा सुरई आहे का ते बघा. त्यावर हरीण, झाडं, किल्ला असं कोरलेलं असेल आणि कोरलेल्या रेषांतून आतली बिनरंगी काच दिसत असेल, तर ती बोहेमियाची, म्हणजे आताच्या चेक देशातली असायची दाट शक्यता. काचेवर लाल रंगाचा पातळ थर भाजून चढवायची ही रीत फ्रिडरिश एगरमान यानं 1832 च्या सुमारास बसवली आणि पुढं तो माल जगभर गेला. तसला पेला साहेबाच्या काळाशी जुळतो. सापडला तर कुणाही पाहुण्याला कुरियरनं परदेशी पाठवू देऊ नका. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्यात बसू शकते आणि तशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही.

आता मोबाईलचा कौल. त्यावर माझा मुळीच विश्वास नाही. फोटो ओळखणारं ॲप काच ओळखत नाही, ते सारख्या दिसणाऱ्या फोटोंखाली विकणाऱ्यांनी काय लिहिलंय तेवढं वाचून दाखवतं. आणि विकणारे लाल-पिवळं जाड काही दिसलं की मुरानो लिहून मोकळे होतात, कारण मुरानो म्हटलं की गिऱ्हाईक थांबतं. त्यांचं काय चुकलं म्हणा! मुरानोची कीर्तीच तशी आहे. व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी 1291 साली आगीच्या भीतीनं शहरातल्या काचभट्ट्या या बेटावर हलवल्या, तेव्हापासून तिथं काच घडते आहे. पण मुरानोसारखं दिसणारं सगळं मुरानोचं नसतं. चेकोस्लोव्हाकियातल्या ख्रिब्स्का कारखान्यानं ओढून ताणून लांबवलेल्या पाकळ्यांची जाड रंगीत भांडी भरपूर केली. ती आजही जगभर मुरानो म्हणून विकली जातात. गेल्या काही दशकांत चीनमधूनही थरांच्या फुलदाण्या मोठ्या प्रमाणावर बाहेर पडल्या. आणि फिरोजाबादेत आजही तोंडानं फुंकून केलेल्या फुलदाण्या परदेशी जातात, म्हणजे तुमचा व्यापारी अगदीच हवेत बोलला असंही नाही.

महाराष्ट्रातला एखादा कारखाना का नाही, असं कुणी विचारेल. लोकवर्गणीतून उभा राहिलेला तळेगावचा पैसा फंड काच कारखाना 1908 चा, कऱ्हाडजवळचा ओगल्यांचा 1916 चा. ओगल्यांचा प्रभाकर कंदील तुमच्याही वाड्यात एखादा टांगलेला असेल. पण असली थरांची शोभेची काच हा त्यांचा धंदा नव्हता. तेव्हा ते नाव यादीतून काढून टाकू.

राहिले चार दावेदार. नाव नसलेल्या काचेचं गाव शोधायचं म्हणजे एकेकाला बाद करत जायचं. शेवटी कधी एक उरतो, कधी दोन. दोन उरले तर दोन म्हणायचं, ओढूनताणून एक करायचा नाही.

सुरुवात तळापासून करा. काच फुंकून घडवताना शेवटी तळाला लोखंडी सळई चिकटवतात, तोंडाकडून फुंकनळी तोडतात, तोंडाला आकार देतात आणि मग सळई झटक्यानं मोडून काढतात. तिथं खरखरीत वळ उरतो. साध्या मालात तो तसाच सोडतात, चांगल्या मालात घासून पॉलिश करतात. तुमच्या फोटोत पूर्ण तळ चाकावर धरून सपाट घासलेला दिसतो आणि कडेला बारीक उतार दिलेला आहे. हे कष्टाचं काम आहे. मुरानोत असं करतात, चेक कारखान्यांतही करतात, चांगल्या चिनी मालातही दिसतं. तेव्हा एवढ्यानं देश ठरत नाही. ठरतं एवढंच की हा साच्यात दाबून काढलेला स्वस्त माल नाही. खात्री करायची तर नख फुलदाणीच्या अंगावरून आडवं, गोल फिरवा. साच्याचा असेल तर दोन्ही बाजूंना सांध्याची बारीक धार नखाला लागते.

तळावरचे ओरखडे मात्र नीट वाचा. घड्याळजीकडं डोळ्याला लावायचं भिंग असतं, ते घटकाभर मागून आणा. फुलदाणी उलटी करून खिडकीच्या तिरप्या उजेडात धरा. खरोखर वापरात झिजलेल्या तळावर केसाएवढे ओरखडे चारी दिशांना, वेडेवाकडे आणि फक्त जिथं तळ टेकतो तिथंच असतात. खोटं म्हातारपण आणायला सँडपेपर मारलेला असेल तर ओरखडे एकाच दिशेनं, एकाच खोलीचे आणि न टेकणाऱ्या जागीही दिसतात. एक लक्षात घ्या, तुमची फुलदाणी फडताळात बंद राहिली असेल तर झीज कमी असणारच. झीज नाही म्हणजे नवी, असा अर्थ काढू नका. फोटोत मला तळाच्या कडेनं ओरखड्यांचं एक धूसर कडं दिसतंय आणि मध्ये आरशासारखं स्वच्छ. ते मला आवडलं.

मग तोंडाची कड. उजेडाकडं धरून कडेतून आत बघा. तिथं थर कापल्यासारखे दिसतात : लाल, पिवळा, बिनरंगी. प्रत्येक थराची जाडी सगळीकडून सारखी आहे की एका अंगाला फुगलेली? दोन रंगांची सीमा सुईनं आखल्यासारखी आहे की एकमेकांत ओघळलीय? चांगल्या भट्टीतल्या कारागिराचा हात इथंच कळतो. स्वस्त नकलेत पारदर्शक थर एका बाजूला जाड होऊन भांडं किंचित कललेलं असतं, रंगात नको तिथं बुडबुडे अडकलेले असतात. (बुडबुडे मुद्दाम ओळीनं भरायची एक वेगळी इटालियन पद्धत आहे, ते निराळं. ते रांगेत असतात, चुकार नसतात.)

यानंतर तुमच्या किराणा दुकानदाराला पुन्हा त्रास द्यायचा आहे, कारण त्या 1180 ग्रॅममध्ये बरंच काही दडलंय. 'जड आहे म्हणजे क्रिस्टल' असं सगळे म्हणतात. पण जाड काच जडच लागणार. बघायची ती घनता. दुकानातल्या काट्यावर प्लास्टिकची बादली ठेवा, फुलदाणी पूर्ण बुडेल एवढं पाणी भरा आणि काटा शून्यावर आणा. बादली आणि पाण्याचं मिळून वजन काट्याच्या मर्यादेत आहे ना, ते आधी बघा. आता फुलदाणीच्या मानेला मऊ सुती दोरी घट्ट बांधा, काच ओली झाली की निसटते म्हणून दोघींनी मिळून करा. हळूच पाण्यात सोडा, आत हवा अडकू देऊ नका, पूर्ण बुडू द्या, पण बादलीच्या तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. दोरी हातातच राहू द्या. काट्यावर जो आकडा उमटेल तेवढे घन सेंटिमीटर फुलदाणीचं आकारमान. 1180 ला त्या आकड्यानं भागा.

आकडा 470 च्या आसपास आला तर घनता अडीच. म्हणजे साधी सोडा-चुन्याची काच. 400 च्या जवळ आला तर 2.95, म्हणजे काचेत शिसं आहे. युरोपात 1969 च्या नियमानं किमान 24 टक्के शिशाचं ऑक्साईड आणि 2.90 घनता असेल तरच लेड क्रिस्टल म्हणता येतं. मुरानोची काच परंपरेनं सोडा-चुन्याची. ती बराच वेळ मऊ राहते, कारागिराला ओढायला, वळवायला सवड मिळते. त्यामुळं 2.95 आली तर मुरानोचा दावा बराच ढिला पडेल. अडीच आली तर मुरानो टिकलं, पण चीन आणि फिरोजाबादही टिकले, कारण तिथली काचही बहुतेक सोड्याचीच. एवढा खटाटोप करून नाव मिळत नाही, एखादं नाव खोडता येतं. तरी करा, कारण ही परीक्षा फुकट आहे आणि हिच्यात कुणाचं मत मध्ये येत नाही. पाणी मात्र घरातल्या हवेइतकंच कोमट हवं. जाड काचेला गरम-थंडाचा धक्का सोसत नाही, आणि कुठं तडा दिसत असेल तर हा प्रयोग करूच नका.

जांभळ्या दिव्याबद्दल तुम्हाला कुणीतरी सांगेलच. नोटा तपासायला पतसंस्थेच्या काउंटरवर असतो तसा दिवा अंधारात काचेवर मारायचा. पिवळा थर झगझगीत हिरवा पेटला तर त्यात युरेनियम आहे. घाबरू नका, एके काळी काचेला रंग यावा म्हणून ते चिमूटभर घालत. पण हे युरेनियम बोहेमियात वापरलं, इंग्लंडात वापरलं, मुरानोतही वापरलं. दिवा रसायन सांगतो, पत्ता सांगत नाही. गंमत म्हणून मारून बघा, त्यावर किंमत ठरवू नका.

रसायनावरून पत्ता काढता येतोच, पण कुठं? तुमच्याजवळच्या तेरला. तिथल्या लामतुरे संग्रहालयात उत्खननात मिळालेले सातवाहन काळचे काचमणी आहेत. त्यांच्यावरही कुणाचं नाव नसतं. अशा जुन्या काचेचं पृथक्करण केलं तर बऱ्याच भारतीय काचेत ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचं ऑक्साईड) भरपूर निघतो, रोमन काचेत कमी. इथली काच स्थानिक वाळू आणि खारवट मातीतून व्हायची, तिकडची वेगळ्या क्षारातून. म्हणून अभ्यासक दोन हजार वर्षांपूर्वीच्या मण्याचं मूळ सांगू शकतात. विसाव्या शतकातल्या कारखान्यांचं तसं नाही. वाळू एकीकडची, सोडा दुसरीकडचा, रंग तिसऱ्याच देशातून मागवलेला. तेव्हा फुलदाणी प्रयोगशाळेत पाठवायच्या फंदात पडू नका. खर्च फुलदाणीहून जास्त होईल.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ कुठली, सांगू? 'काहीतरी चिकटवल्याचा फिकट डाग.' मुरानोतल्या बऱ्याच भट्ट्या मालावर सही करत नसत, कागदाची किंवा पातळ पत्र्याची चिकटपट्टी लावत. चेक माल असाच निर्यात व्हायचा. पहिल्या धुण्यात चिकटपट्टी जायची आणि वस्तू निनावी व्हायची. निनावी म्हणजे नकली नव्हे, हे त्यामुळंच. तुमच्या डागाचा आकार गोल आहे, लंबगोल की चौकोनी, ते तिरप्या उजेडात बघा. कड पुसट दिसत असेल तर तोंडाची वाफ सोडा, क्षणभर उठून दिसेल. तो डाग चिंचेनं, स्पिरिटनं किंवा नखानं काढायचा नाही. कामवाल्या मावशींनाही आजच बजावून ठेवा. सही नाही याचं तर मुळीच वाईट वाटून घेऊ नका. बाजारात कोऱ्या भांड्यांवर विजेच्या सुईनं ताज्या इटालियन सह्या काढणारे आहेत. तुमचं भांडं कोरं आहे, म्हणजे निदान त्यांच्या हाती लागलेलं नाही.

आणि सासूबाईंकडं पुन्हा जा, पण साहेबाचं नाव न काढता. विचारा, 1950 नंतर घरातलं कोण कुठं गेलं होतं? हैदराबादला शिकायला कोण होतं, नोकरीला आखातात कोण गेलं, मुंबईत कुणाचं बिऱ्हाड होतं, लग्नात मोठा आहेर कुणाकडून आला? चेकोस्लोव्हाकियासारख्या देशांशी आपला रुपयात व्यापार चालायचा, तिकडचा माल आपल्या शहरांत यायचा. एखाद्या मामाचं नाव निघालं तर ते कुठल्याही ॲपपेक्षा जास्त कामाचं आहे. जुन्या फोटोंच्या अल्बममध्ये मागच्या कपाटात फुलदाणी दिसते का, तेही शोधा. एका लग्नाच्या फोटोत दिसली तरी 'निदान त्या सालाच्या आधीची' एवढं पक्कं होतं.

माझा अंदाज विचाराल तर सांगतो. फोटोतल्या थरांची सीमा स्वच्छ आहे, तळ मन लावून घासलाय, झीज खरी वाटते. माझा कौल मुरानोकडं, साधारण 1950 ते 1970 च्या दरम्यानची, पण एखाद्या नामांकित रचनाकाराची नव्हे, तर प्रवाशांसाठी आणि दुकानांसाठी करत तसली. दुसरा नंबर चेक कारखान्यांचा. कड आणि घनता कळल्यावर हा क्रम बदलूही शकतो. विकायची वेळ आली तर 'मुरानो धाटणीची, सही नसलेली, विसाव्या शतकाचा उत्तरार्ध' एवढंच लिहा. 'मुरानोची' लिहिलंत तर उद्या गिऱ्हाईक पुरावा मागेल.

आता मासा.

त्याच्याबद्दल मात्र मी बऱ्याच ठामपणे बोलू शकतो. काचेवर तेलाच्या तवंगासारखी नारिंगी, जांभळी, हिरवी चमक, अंगावर साच्याच्या सांध्याची रेघ, आणि शेपटी वळवून उभा राहिलेला मासा. या प्रकाराला कार्निव्हल काच म्हणतात. साच्यातून काढलेल्या काचेवर ती गरम असतानाच धातूंच्या क्षारांचा फवारा मारतात, त्यानं ती चमक येते. अमेरिकेत हा प्रकार विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रुळला, पुढं युरोपात गेला, आणि भारतात त्याचं मोठं नाव झालं ते फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सचं. कारखाना 1928 मध्ये सुरू झाला. त्यांच्या माशाच्या, हत्तीच्या आणि हाताच्या पंजाच्या आकाराच्या फुलदाण्या परदेशातले कार्निव्हल काचेचे संग्राहक मुद्दाम शोधत फिरतात. तळाच्या बाजूनं अंगठा फिरवून बघा, इंग्रजी मोठ्या अक्षरांत जैन असं उठावात लागतं का. सगळ्याच नगांवर नसतं आणि इतर भारतीय कारखान्यांनीही असे आकार काढले, पण अक्षरं लागली तर विषय संपला. म्हणजे तुमच्या त्या व्यापाऱ्यानं फिरोजाबादचं नाव घेतलं ते अगदी बरोबर घेतलं, फक्त बोट शेजारच्या वस्तूकडं दाखवलं!

माशाला राखेनं, तारेच्या घासणीनं किंवा टूथपेस्टनं चुकूनही घासू नका. चमक वरच्या पातळ थरात आहे, एकदा घासून गेली की भांडं साध्या काचेचं उरतं. टूथपेस्टमध्येही बारीक घासणारी पूड असते, म्हणून ब्रश बाहेर काढा म्हणालो. साध्या पाण्यात रात्रभर बुडवून मऊ फडक्यानं टिपा. आत पांढरा थर बसलेला दिसतो, तो तुमच्याकडच्या बोअरच्या पाण्याचा क्षार असावा. आतल्या बाजूला थोडं पातळ व्हिनेगर घालून ठेवलं तर निघेल. नाही निघाला तर काचच आतून खराब झालीय, तिच्याशी झगडू नका.

खरा सल्ला पुढंच आहे. विकायच्या आधी एकदा हैदराबादला सालारजंग संग्रहालयात जाऊन या. परळीहून सिकंदराबादला गाड्या आहेत. शुक्रवारी संग्रहालय बंद असतं, तेवढं सांभाळा. तिथं व्हेनिसची, बोहेमियाची, इंग्लंड-फ्रान्सची काच दालनांत मांडलेली आहे. आपल्याकडं प्रत्येक जुन्या काचेला बेल्जियम म्हणायची जी सवय आहे, ती तिथं एका दुपारीत सुटते. बोहेमियाच्या कोरीव पेल्यापासून व्हेनिसच्या भांड्यापर्यंत दोन-तीनदा मागंपुढं करा. कोरून केलेली काच आणि ओढून केलेली काच यातला फरक पुस्तकात वाचून कळत नाही, असा बघितल्यावर पुन्हा विसरता येत नाही. नणंदेला बरोबर न्या. तिलाही कळू दे भांडण कशावरून आहे ते.

वाटणीचा न्याय मी करणार नाही, तो तुमच्या घरातला मामला. एवढंच सुचवतो की किंमत कळण्याआधी निम्मे कुणाचे हे ठरवत बसू नका, आणि वाटणीच्या कागदावर फुलदाणीबरोबर मासाही लिहा. पुढं 'ती वस्तू आमच्या लक्षातच नव्हती' असं कुणी म्हणायला नको.

आणि त्या व्यापाऱ्याचं. माणूस लबाडच आहे असं मी म्हणत नाही. पण फिरोजाबादचा नवा माल काय भावानं मिळतो हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक. मग वापरलेल्या, निनावी नगाला तो चार हजार का मोजतोय, हा प्रश्न त्यालाच विचारा. चहा पाजून विचारा. उत्तर काय देतो ते मला कळवा, माझ्याही कामाचं आहे. तोवर वस्तू 'दाखवून आणतो' म्हणून कुणाच्या हाती घराबाहेर जाऊ देऊ नका. द्यायचीच वेळ आली तर आधी चारी बाजूंनी फोटो काढा आणि सहीनिशी पावती घ्या.

मला पुढच्या वेळी तीन गोष्टी पाठवा : कडेचा उजेडाकडं धरून काढलेला फोटो, बादलीतला आकडा, आणि त्या डागाचा जवळून फोटो. डागाशेजारी रुपयाचं नाणं ठेवून काढा, म्हणजे चिकटपट्टी केवढी होती ते मोजता येईल.